पगारपत्रक नसलेल्या बाईची मालमत्ता

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारी, वय एकतीस, नववीपर्यंत शिकलेली, अविवाहित, आज पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे लिहून ठेवते. रागावली आहे म्हणजे डोकं ठिकाणावर नाही, असं पुढे कोणी म्हणू नये. वकीलबाईंना विचारून घेतलंय. त्या म्हणाल्या, रागाला कायद्याची हरकत नाही, फक्त अक्षर वाचता आलं पाहिजे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. होता, तो कलम चारमध्ये येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण एखाद्याला मुद्दाम द्यावं किंवा मुद्दाम देऊ नये असं माझ्याकडे काही नव्हतंच.

कलम १. माझी सगळी हत्यारं जाडीला द्यावीत. जाडी म्हणजे माझ्याबरोबर कारखान्या-कारखान्यांत फिरणारी माझी जोडीदारीण. प्रत्यक्षात काडीसारखी आहे, नाव कोणी ठेवलं देव जाणे. पेचकसांचा संच, चिमटे, तेलाच्या दोन कुप्या आणि लोहचुंबक. लोहचुंबक वेगळा सांगते, कारण मुकादम लोक तो मागून नेतात आणि परत देत नाहीत. शिलाईच्या कारखान्यात सुई तुटली की तिचा शेवटचा तुकडा सापडेपर्यंत मशीन सुरू करत नाहीत. तो तुकडा लहान मुलाच्या कपड्यात गेला तर? मी एकदा एका तुकड्यासाठी तीन तास जमिनीवर रांगले आहे. त्या दिवशीची मजुरी मला अर्धीच मिळाली. ज्याने दिली त्याला काहीही मिळणार नाही.

कलम २. स्कूटर मावशीला. मी सोळाव्या वर्षी घर सोडलं तेव्हा तिने दार उघडलं आणि कारण विचारलं नाही. नंतर मी तिचंही घर सोडलं. पंधरा वर्षांत अकरा खोल्या झाल्या. एका मालकिणीला माझ्या हातांचा तेलकट वास चालेना, एकाला बाईने एकटं राहणं चालेना, दोन खोल्या मीच कंटाळून सोडल्या. ते जाऊ दे. स्कूटरचा मागचा ब्रेक कमी लागतो, मावशीने आधी दुरुस्त करून घ्यावा.

कलम ३. माझ्या आयकराच्या फायली हिशेबवाल्या काकांना परत कराव्यात, त्यांनीच सांभाळाव्यात. काका वडिलांचे मित्र. दरवर्षी माझं विवरण तेच भरतात. सुटे भाग खर्च, पेट्रोल खर्च, बूट खर्च, जेवणसुद्धा खर्च. शेवटी उत्पन्न इतकं खाली आणायचे की कर शून्य. "बघ, एक दमडी जाऊ दिली नाही तुझी," म्हणायचे, आणि मी खूश होऊन त्यांच्या पाया पडायचे. चार वर्षं पडले. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात, आणि सगळे भाड्याच्या खोलीत राहतात. या दोन गोष्टींचा संबंध आहे, हे मला कोणीही सांगितलं नाही.

कलम ४. (घर. हे कलम पंधरा दिवसांपूर्वी कच्चं लिहिलं होतं. त्यात घराचा माझा अर्धा हिस्सा जाडीला दिला होता. आता पूर्ण खोडलं आहे आणि खोडलेल्यावर सही केली आहे. का खोडलं ते पुढे आहे, वाचणाऱ्याने वाचावं.)

कारखान्याच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. खिडकीतून समोरची भिंत दिसते. पण फरशी सपाट आहे, मी स्वतः पाणसळ लावून बघितली. इथे मशीन ठेवलं तर हलणार नाही. मालकीण आजींनी चाळीस वर्षं तिथे लोकांचे कपडे शिवले. आता त्या मुलीकडे राहायला जाणार आहेत. मी त्यांना बयाणा दिला, पावती माझ्या नावावर घेतली आणि कर्जासाठी बँकेत गेले.

साहेब म्हणाले, "पगारपत्रक?"

"माझं स्वतःचं काम आहे, साहेब."

"मग पगार कोण देतं?"

"ज्याचं मशीन बंद पडतं तो."

ते हसले नाहीत. काकांच्या फायली उलटसुलट करून म्हणाले, "या कागदांप्रमाणे तुम्ही आमच्या दारावरच्या रखवालदारापेक्षा कमी कमावता."

"खात्यात दर महिन्याला काय येतं ते बघा ना."

"आज येतं, उद्या नाही आलं तर? दोन वर्षांची विवरणं नीट दाखवा, मग या. नाहीतर घरात कोणी नोकरीवाला असेल तर त्याला अर्जात घ्या."

घरात नोकरीवाला आहे. माझा मोठा भाऊ. आठ वर्षं एकाच खुर्चीवर बसतो. मी फोन केला तर म्हणाला, "करतो की! बहिणीसाठी एवढं नाही करणार?" मी फोनवर रडले. ते रडणं मी परत घेते.

काल तो आजींच्या स्वयंपाकघरात खरेदीखताचा मसुदा घेऊन आला. अर्धं-अर्धं ठरलं होतं. पहिलं नाव त्याचं. दुसरं नाव वहिनीचं. मी पानं उलटत राहिले.

"दादा, माझं नाव कुठंय?"

"अगं, राहणार तर तूच आहेस. नावाचं काय एवढं घेऊन बसलीस? बयाण्याची पावती माझ्या नावावर फिरव, एवढी एकच सही कर. बँकेलाही सोपं जातं."

"आणि हप्ते?"

"हप्ते तू भर, जबाबदारी माझी."

"म्हणजे पैसे माझे, घर तुझं."

"तू आज इथे, उद्या तिथे. अकरा खोल्या बदलल्यास. पळणाऱ्याच्या नावावर घर कोण करतं?"

मग त्याने आईला फोन लावून दिला. आई म्हणाली, "ऐक गं त्याचं. सही त्याचीच चालते ना शेवटी." आईवर मी रागावले आहे, हेही इथे लिहून ठेवते. ती वाईट नाही, तिला सवय झाली आहे.

आजी इतका वेळ काजं करत बसल्या होत्या. दाताने दोरा तोडून दादाला म्हणाल्या, "बयाणा मी हिच्याकडून घेतलाय. तू कोण?"

"मी भाऊ."

"मग भावासारखा चहा पी आणि नीघ."

चहा न पिता गेला. मी सही केली नाही. बयाण्याची पावती घडी करून हत्यारांच्या पिशवीत ठेवली.

आजी म्हणाल्या, "मुलीला घाई आहे, मला नाही. दोन वर्षं भाड्याने राहा. भाव आजचाच, लिहून देते. तोवर ते कागद खरे कर."

संध्याकाळी काकांकडे गेले. म्हटलं, यंदापासून कमावलं तेवढं दाखवायचं. काका खुर्चीतून उठले. "अगं, वेडी झालीस? एवढा कर भरशील?"

"भरीन."

"लोक म्हणतील, मला काम येत नाही!"

"म्हणू देत, काका. चार वर्षं तुम्हाला फारच आलं."

कलम ५. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत मी मेले, तर आजींनी घर मोकळ्या मनाने कोणालाही विकावं, फक्त माझ्या भावाला नाही. बयाणा आणि माझी शिल्लक आईला द्यावी, पण हातात द्यावी, खात्यात नको. तिचं खातं दादा चालवतो. आईने त्यातून काय करावं हे मी सांगणार नाही. तिला आयुष्यभर सगळ्यांनी तेच सांगितलं. मोजताना मावशीने शेजारी बसावं आणि दाराला आतून कडी लावावी.

कलम ६. भावाला काही नाही. विसरून राहिलं असं त्याने समजू नये, म्हणून वेगळं कलम केलं.

कलम ७. घर माझ्या नावावर नाही, म्हणून आज ते कोणाला देता येत नाही. मी मात्र मरणार नाही. दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन पूर्ण कर भरणार आहे, मग हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने फाडून नवीन करणार आहे. त्यात घराचं कलम पहिलं असेल. ते लिहायला दोन साक्षीदार सोडले तर मला कोणाचीही सही लागणार नाही.

हे सगळं मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: मशीनवाली

साक्षीदार १: पुढच्या कारखान्यातल्या, चौथ्या लाइनच्या मुकादमबाई
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरचे कुलूपवाले. (धंदा स्वतःचा, खोली भाड्याची. शेवटपर्यंत वाचून त्यांनी हिशेबवाल्या काकांचा पत्ता मागितला, जाऊन भांडायला. त्यांचे हिशेबवाले वेगळे आहेत, हे मी त्यांना समजावलं.)

ठिकाण: आजींचं, आणि एक तारखेपासून भाड्याने माझं, स्वयंपाकघर
दिनांक: २७ जून, दुपारी