गाळलेलं पान

प्रिय केनांगा,

माझ्या वर्गात कविता म्हणताना तू पायाने ठेका धरायचीस. फरशीवरची ती टपटप अजून कानांत आहे. आता मात्र दिवसभर खालच्या दुकानातल्या झेरॉक्स मशीनची घरघर ऐकतो. माझा मुलगा सेतियो तुझा कवितासंग्रह छापून विकतोय, तुला न विचारता.

"अहो बाबा, जोग्या शहरातल्या पोरांना मूळ पुस्तक परवडतं का? मी तर कवितेचा प्रसार करतोय!" म्हणतो आणि हसतो. माझं जेवण, माझी औषधं त्याच मशीनवर चालतात, म्हणून मीही गप्प राहतो.

कागद वाचवायला त्याने अर्पणाचं पान गाळलंय. उसवलेल्या मूळ प्रतीतलं ते पान आज मला केराच्या टोपलीत सापडलं: 'सुवितो गुरुजींना, ज्यांनी माझा ठेका कधी थांबवला नाही.'

तुला हे कळवलं तर मुलगा दुरावेल, न कळवलं तर तू. म्हणून हे पत्र उशीखालीच राहील.

खाली कोणीतरी आलंय. सेतियो सांगतोय, "या ताई, कविता घ्या, अर्ध्या किमतीत!"

"नको, माझ्याकडे पुस्तक आहे. गुरुजींना द्यायला आणलंय."

आवाज तुझा आहे.

जिन्यावरची तुझी पावलं ऐकणारा,
सुवितो