एका पायावरचा बगळा

दादा,

बगळा घेऊन चाललेय! टेम्पो दारात उभा आहे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून डोकं खातोय, म्हणून घाईत लिहितेय. ग्राइंडर जागेवर ठेवलाय. तुझे हातमोजे मात्र नेतेय.

तीन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. बाबांची आठवण म्हणून तू जपलेला नांगराचा फाळ मी न विचारता घेतला, चुकलंच माझं. पण त्याच्याशिवाय बगळ्याला छातीच आली नसती रे! विळ्यांची मान, टिकावाची चोच, फावड्यांचे पंख, सगळं त्या छातीमुळे जमलं. "एका पायावर? वाचनालयाच्या दारात कुणाच्या तरी डोक्यात पडेल," असं तू म्हणालास, तेव्हा मी कडाकडा भांडले. खरं सांगू, धास्ती मलाही होतीच.

आज सकाळी बगळ्यावरचं कापड काढलं, तर गुडघ्यावरचा माझा ओबडधोबड वेल्डिंगचा टाका गायब! तिथे नवा टाका, वेणी घातल्यासारखा एकसारखा. वर सळईचा आधारही! असं काम या घरात एकच माणूस करतो. काल मी बाजारात गेले तेव्हा केलंस ना, लबाडा?

मी मानेला लोंबकळून पाहिलं. बगळा तसूभर हलला नाही.

वाचनालयाच्या बाईंनी पाटीसाठी नाव विचारलं. मी आपली दोघांची दिली. माझं आधी लावलंय. त्यावरून भांडायचं असेल तर पाच वाजता तिथे ये. भांड, पण बोल.

तुझी चिमणी