चिंचेखालची जागा

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, २० फेब्रुवारी १९६८

प्रिय हंबीरराव यांस त्र्यंबक मास्तरांचा नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही, शालूवहिनी आणि ती मारकी म्हैस खुशाल असाल. (म्हशीची चौकशी मनापासून आहे, तुमची रीत म्हणून. मी रागावलो आहे.)

परवा रविवारी आपल्या तालमीचा फुटबॉल संघ गडहिंग्लजला खेळायला आला होता. येतोय, मैदानावरच भेटू, असं कार्ड मी आठ दिवस आधी टाकलं होतं. जागेचं काही लिहिलं नव्हतं. त्या मैदानावर आपण पंधरा वर्षं जागेवरूनच भांडलो. तुम्हाला पश्चिमेची बाजू हवी, ऊन पाठीशी राहतं म्हणून; मला समोरची चिंच हवी, पाठ टेकायला खोड मिळतं म्हणून. तुमचे थोरले बंधू गेले आणि तुम्ही शेती बघायला नेसरीला गेलात, त्यानंतर दोन वर्षं मी बाहेरगावचा एकही सामना पाहिला नाही. एकट्यानं ओरडायला लाज वाटते. तेव्हा ठरवलं की या खेपेला हंबीररावांचं ऐकायचं, वाद नाही, मुकाट पश्चिमेला बसायचं.

स्टँडवर गाडी लागताच सवयीनं खिडकीतून रुमाल आणि पिशवी अशा दोन जागा धरल्या. कंडक्टर म्हणाला, "पिशवीचा माणूस कुठाय?" नेसरीला आहे म्हटलं. "मग नेसरीच्या गाडीत टाका की पिशवी," म्हणाला, आणि तिथं एका बाईला कोंबड्यांच्या डालग्यासकट बसवलं. गडहिंग्लजपर्यंत एक कोंबडी माझ्या धोतराची चव घेत होती.

मैदानावर मात्र दीड तास आधी पोचलो. पश्चिमेला मध्यरेषेसमोर घोंगडं अंथरलं, अर्ध्यावर मी, अर्ध्यावर तुमच्यासाठी पिशवी. अशी जागा आपल्याला जन्मात मिळाली नव्हती. मग सामना सुरू होताना कुठलेसे पुढारी आले आणि त्यांच्या खुर्च्या नेमक्या माझ्यापुढे मांडल्या. उठून दुसरीकडे गेलो असतो, पण तुम्ही शोधत याल ते इथंच, म्हणून हललो नाही. पहिला अर्धा भाग मी खुर्च्यांच्या पायांमधून पाहिला. एकदा मोठा गलका झाला, आपलाच गोल म्हणून मी उठून नाचलो, तर तो गडहिंग्लजनं आपल्यावर केलेला. शेजारच्यांनी आपला माणूस समजून मला मूठभर चिरमुरे दिले. ते मी खाल्ले, हे आपल्या तालमीत कुणाला सांगू नका.

"पावणं, ह्यो माणूस येनार हाय का न्हाय?" असं पिशवीकडे बघून दहा जणांनी विचारलं. येणार, येणार म्हणून माझा घसा बसला. मध्यंतरात एक चक्कर मारून तुम्हाला शोधलं असतं, पण जागा गेली असती. समोर चिंचेखाली कुणी फेटेवाला शेजारी पंचा पसरून असाच सगळ्यांशी भांडत होता. लांबचं मला धड दिसत नाही, पण त्या वेड्याला बघून जरा धीर आला. सामना दोन-दोन सुटला. शेवटची गाडी गाठायची म्हणून मी घोंगडं गुंडाळलं. तुमचा अर्धा भाग कोराच होता, साधी चुणी नव्हती. हंबीरराव, फार वाईट वाटलं. नेसरीहून गडहिंग्लज ते कितीसं? यायचं नव्हतं तर तसं कळवायचं. इथून पुढे मी सामन्यांना जाणार नाही आणि तुम्हाला बोलावणारही नाही.

आपला,
त्र्यंबक

ता. क. धोतरावर कोंबडीनं केलेला पराक्रम घरी अजून सांगितलेला नाही.

ता. ता. क. आत्ताच तालमीतला गुंडू येऊन गेला. तो सामन्याला पोरांबरोबर ट्रकनं गेला होता, समोरच्या बाजूला बसला होता. म्हणाला, "मास्तर, तुमी कुठं हुता? हंबीरराव चिंचंखाली खोडापाशी पंचा पसरून बसलं हुतं की. मॅच संपली तरी उठंनात. मास्तरास्नी पाठ टेकाय लागती म्हनत हुतं."

वरचं सगळं खोडायला हवं, पण हात चालत नाही. तुम्ही पंधरा वर्षांत एकदा माझं ऐकलंत, ते नेमकं परवाच.

परतीचा सामना इथं ३ मार्चला आहे. आदल्या दिवशीच घरी या. घोंगडं एकच नेऊ. कुठं अंथरायचं ते तिथं जाऊन भांडू.