घडी घातलेला आवाज

३ नोव्हेंबर १९९५

तारीख मिळाली. वीसला फुपीचं, अब्बांच्या बहिणीचं, ऑपरेशन. घशातल्या गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढणार. परळच्या डॉक्टरांनी हे इतकं हळू सांगितलं की मला वाटलं, आपण पाण्याखाली बसून ऐकतोय. अब्बा खाली बघत होते. फुपी म्हणाली, 'म्हंजे तुजी सुटका झाली की रे, झहूर!' अब्बांना हसता येईना, रडता येईना.

लहानपणी दम्यामुळे मला शाळेत उशिरा घातलं. ताटातल्या तांदळाच्या पिठात बोट फिरवून फुपीनेच मला अक्षरं शिकवली. अजूनही काही वाचलं की आतून तीच वाचते. हे लिहितानासुद्धा.

५ नोव्हेंबर

माझ्या तुर्भ्याच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर पडून आहे. हार्डडिस्क गेलेली, फ्लॉपीवरून चालू होतो. तिचे शब्द त्यात भरायचे. बटण दाबलं की तिच्याच आवाजात शब्द! अरविंद सरांना विचारायचं वाक्य मी जिन्यात दोनदा पाठ केलं.

'ने की! माझी जागा तरी मोकळी होईल. पण हुदा, मेमरी चार एमबी. त्यात काय मावणार?'

फुपी मावायला हवी.

८ नोव्हेंबर

माइकसमोर फुपी चक्क लाजली! 'आता काय बोलू? कोन भांडतच नाय समोर.' मग अब्बा खोलीत आले आणि तिला आपोआप सुचायला लागलं. 'दार लाव.' 'मीठ कमी हाय.' 'हा बघा आला शहाना!' खिडकीबाहेर खाडीवर बगळे उतरत होते. ती बोलायची आणि बगळे बसायचे. असं वाटलं, तिच्या तोंडूनच एकेक निघून तिकडे जाऊन बसतोय.

दुपारच्या चहाआधीच मेमरी भरली. आमची कुणाची नावं अजून घेतलीच नव्हती.

११ नोव्हेंबर

आवाज दाबून भरायचं ठरवलं. कितीतरी जास्त मावतो. पण भाईजानच्या बॅगेसारखं होतं! मस्कतला जाताना तो आख्खं नावडे गाव दाबून भरतो, आणि विमानतळावर पासपोर्ट हवा झाला की तो तळाशी. तसंच हे. खूप शब्दांचं एक गाठोडं केलं तर जागा वाचते. पण त्यातला एक काढायचा तर आख्खं गाठोडं सोडावं लागतं.

माझ्या नावाचं बटण दाबून पाहिलं. काहीच नाही. स्क्रीन काळी. मी वाट पाहिली. मग, खाडीपलीकडून कुणी हाक मारावी तसं — 'हुदा!'

फुपी तर शेजारी बसून लसूण सोलत होती.

१२ नोव्हेंबर

गाठोडी लहान केली. शब्द लगेच येतात. पण निम्मे बाहेर राहिले. कुणाला बाहेर ठेवू?

१४ नोव्हेंबर

मार्ग सापडला. थोडे शब्द न दाबता तसेच ठेवायचे — ते झटकन येतील. बाकीचे मोठ्या गाठोड्यात. वरच्या रांगेतली बटणं झटकन येणाऱ्या शब्दांना दिली: पाणी, दुखतंय, डॉक्टर, हो, नको. फार विचार करून. चूक झाली तर तिला भोगावी लागेल, मला नाही.

फुपीने बटणं बघितली. 'ही कोनासाठी? मयतासाठी?'

'फुपी, लागणारे शब्द आहेत ते.'

'पानी मी बोटानं मागीन. टोमना बोटानं मारता येतो का? आनि टोमना उशिरा आला तर काय कामाचा? थंड भजी!'

'आणि दुखलं तर?'

'थाळी आपटीन.'

शेवटी 'दुखतंय' मी हट्टाने वर ठेवलं. बाकी चारही बटणं टोमण्यांना गेली. अब्बा दारातून ऐकत होते. म्हणाले, 'म्हणजे सुटका नाहीच.' आणि पटकन बाहेर गेले.

१९ नोव्हेंबर

उद्या. आज फुपी वॉर्डात दिवसभर बडबडली. मी काही टिपलं नाही. नुसती ऐकत बसले.

४ डिसेंबर

फुपी घरी आली. गळ्याशी भोक, त्यावर जाळीचं फडकं. सकाळी मशीनला एकामागून एक फ्लॉप्या भरवल्या. दुपारी तिला बघायला मंडळी जमली. आमच्याकडे सगळे एकदमच बोलतात. अब्बा ऑपरेशनची हकीकत तिसऱ्यांदा सांगायला लागले. फुपीने वरचं बटण दाबलं —

'झहूर, जरा दम घे!'

लगेच! तिचाच आवाज, तिचाच ठसका! सगळे खो खो हसले. मी पडद्याआड जाऊन रडून घेतलं. जमलं होतं.

परत आले तर अब्बांची हकीकत पुढे चालू. ती पुन्हा टोमणा मारी, सगळे हसत आणि गप्पा पुढे. ती मध्ये बसलेली आणि बोलणं तिच्या दोन्ही बाजूंनी वाहून जाई.

मग तिने खालचं एक बटण दाबलं. गाठोड्यातलं. स्क्रीन काळी. मशीन अडकलं की काय? अब्बा बोलता बोलता थांबले. बशी तशीच हातात. 'काय म्हणतेय?' कुणीतरी कुजबुजलं. सगळे पुढे वाकले. इतकी शांतता, की वरचा पंखा ऐकू यायला लागला. फुपी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. सावकाश. उन्हात बसल्यासारखी.

शेवटी मशीन बोललं: 'काय नाय.'

५ डिसेंबर

फुपीने पाटीवर लिहून दाखवलं: 'काल पहिल्यांदा झहूर माझ्यासाठी थांबला. सगळे शब्द गाठोड्यात टाक. टोमने पन.'