उंबरमाळ डॉट कॉमचा ताबा

९ एप्रिल २०२५, सकाळ

आजपासून रोजनिशी लिहिणार. उद्या कुणी वाकड्यात शिरलं तर हाताशी पुरावा असावा. कुरवंड्यात शरीफ माणूस मी एकटाच आहे.

काल तळेगावच्या अनघा मॅडमकडे गेलो होतो. त्या वेबसाइट बनवतात. म्हणाल्या, 'उंबरमाळ डॉट कॉम' हे नाव मोकळं आहे, इथं बसल्या बसल्या घेऊन टाका, आणि घेईपर्यंत कुणाजवळ बोलू नका. मला हसू आलं. पोरगी हुशार आहे, पण मालमत्तेचं ज्ञान शून्य. मी मावळात वीस वर्षं जमिनीची एजंटगिरी केली. चहा संपायच्या आत घेतलेल्या वस्तूचं टायटल कधी क्लिअर नसतं. आधी पेपरात जाहीर नोटीस, मग हरकतींसाठी पंधरा दिवस, मग खरेदी. तीसुद्धा अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर.

राजेश्वरीला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "येवढं सोपं हाय तर घेऊन टाकायचं न्हाई व्हय?" बायकोला व्यवहार कळत नाही. उंबरमाळावरच्या आपल्या चार खोल्यांच्या 'उंबरमाळ निवास'वर पाहुणे तिच्या हातचं जेवायला येतात, असा तिचा समज आहे. पाहुणे नावाला येतात. नाव मी ठेवलं.

११ एप्रिल

नोटिशीचा मसुदा स्वतः केला. वकिलाला कशाला पैसे?

"तमाम जनतेस कळविण्यात येते की, खाली नमूद डोमेन नावे श्री. अमृत, रा. कुरवंडे, हे खरेदी करू इच्छितात. सदर नावांवर आजमितीस कोणाचाही, खुद्द खरेदीदाराचाही, हक्क नसून ती मोकळी व निर्वेध आहेत. नाव: उंबरमाळ. चतुःसीमा: पूर्वेस डॉट कॉम, पश्चिमेस डॉट इन, दक्षिणेस डॉट नेट, उत्तरेस डॉट को डॉट इन. यावर कोणाचा वारसा, गहाण, दान, पोटगी वा अन्य बोजा असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे."

असा मसुदा पुण्यातसुद्धा कुणी करणार नाही.

१४ एप्रिल

लोणावळ्याच्या साप्ताहिकात नोटीस आली. दुसऱ्या पानावर, चौकटीत. चार प्रती घेतल्या. एक गोरखच्या कुंपणात खोचून आलो. वाचू दे.

गोरख म्हणजे माझा चुलत भाऊ. त्याच्या बापानं, म्हणजे माझ्या चुलत्यानं, जन्मभर आमचा बांध कोरला. दर वर्षी नांगर हातभर आत. आता हा पोरगा शेजारीच तंबू ठोकून 'गोरख कॅम्पिंग' चालवतो. पाहुण्यांना पॅकेटातल्या नूडल्स खायला घालतो. धंदा नाही, नुसती जळजळ.

१४ एप्रिल, दुपार

गोरख आला. हातात साप्ताहिक. "दादा, ह्ये डॉट कॉम म्हंजी नेमकं कसं घ्यायचं आसतं?" चेहरा पडलेला होता. मला दया आली. सगळं समजावून सांगितलं: कुठल्या साइटवर जायचं, काय टाकायचं, पैसे कसे भरायचे. त्यानं मोबाइलवर टिपून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला माझ्याकडून काही शिकावंसं वाटलं. चुलत्याच्या रक्तात नव्हती ही गोष्ट.

२० एप्रिल

एकही हरकत नाही.

फ्लेक्स तयार झाले. खंडाळ्याच्या वळणावर एक, कुरवंडे फाट्यावर एक, आमच्या फाटकावर सगळ्यात मोठा. वर माझा फोटो, खाली 'बुकिंगसाठी: उंबरमाळ डॉट कॉम'. जागा घेण्याआधी बोर्ड लावायचा असतो. त्याला ताबा म्हणतात. राजेश्वरी म्हणाली, फोन नंबर कुटं हाय? मी म्हटलं, आता नंबर नाही, आता ब्रँड.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, साडेनऊला अनघा मॅडमना फोन लावला. म्हटलं, घ्या.

गेलेलं आहे.

डॉट कॉम गेलं. डॉट इन गेलं. चारही सीमा गेल्या. मॅडम म्हणाल्या, चौदा एप्रिललाच, दुपारी. कुणी घेतलं ते दिसत नाही, पण आत्ता साइट उघडली तर 'गोरख कॅम्पिंग'चं पान उघडतंय. वर म्हणाल्या, "काका, मी म्हटलं होतं कुणाजवळ बोलू नका." ही आजकालची पिढी. संकटात माणसाला धीर देण्याऐवजी आठवण करून देते.

पुरणपोळी खाल्ली नाही. दोनच खाल्ल्या.

१ मे

निश्चय: रागावायचं नाही. राग हा कमजोर माणसाचा धंदा. कायद्याने जायचं.

१ मे, अर्ध्या तासाने

गोरखच्या दारात उभं राहून त्याच्या बापासकट सगळं काढलं. तंबूतले पाहुणे बाहेर येऊन बघत होते. बघू देत. चोर, दरोडेखोर, बांधकोऱ्या! गोरख शांतपणे दात कोरत उभा. म्हणाला, "दादा, तुमीच पेपरात इचारलंत, कुनाची हरकत हाय का. माजी न्हवती. म्हून घेतलं."

या वाक्यात कुठेतरी खोट आहे. उद्या सापडेल.

३ मे

सापडली नाही.

तलाठ्याकडे हरकत अर्ज घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, डोमेनचा गट नंबर काय? मी म्हटलं, तेच तर तुम्ही सांगायचं. अर्ज घेतला नाही. सगळे सामील आहेत.

८ मे

अनघा मॅडम म्हणाल्या, 'उंबरमाळ निवास डॉट इन' अजून मोकळं आहे, आज घेऊन टाका आणि बोर्डांवर बदल करा. लढाईच्या मध्यात माघार? तरी नाव वाईट नाही. विचार करतो.

नोटिशीचा मसुदा तयार आहे.

१२ मे

जशास तसे. चार वेगवेगळ्या आवाजांत गोरखला फोन करून चार बुकिंगं केली. एक ठाण्याची कंपनी, एक नाशिकचा ग्रुप, एक गुजराती कुटुंब, एक रिटायर कर्नल. याला अनैतिक म्हणता येणार नाही, हे स्वसंरक्षण. कर्नलच्या वेळी गोरख म्हणाला, "दादा, घसा बसलाय. मिठाच्या गुळण्या करा."

२६ मे

'उंबरमाळ निवास डॉट इन'सुद्धा गेलं. साप्ताहिक आलं त्याच दिवशी. या गावात माझं साप्ताहिक माझ्याआधी वाचलं जातं.

४ जून

पुण्याला वकिलाकडे. ते म्हणाले, अशा तक्रारी चालतात, वाईट हेतूनं घेतलेलं नाव परत मिळू शकतं. फक्त दाखवावं लागतं की नाव आधीपासून तुमचं, आणि समोरच्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी छाती पुढे काढली. पिशवीतून दोन जबरदस्त पुरावे काढले.

पहिला, नोटीस. वकिलानं मोठ्यानं वाचली. 'खुद्द खरेदीदाराचाही हक्क नसून' इथे थांबला आणि चष्मा काढला.

दुसरा, उंबरमाळाचा सातबारा. माझं नाव आहे त्यावर. म्हणाला, गोरख कोण? तेही नाव आहे की. अहो, भावकीची सामाईक जमीन आहे, नाव असणारच! वकील म्हणाला, मग त्याचा नावाशी संबंध तुम्हीच सिद्ध करून दिलात.

फी मात्र पूर्ण घेतली. सगळे सामील आहेत.

१४ जून

पावसाळी सीझन सुरू. गेल्या वर्षी या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आज चार खोल्या रिकाम्या. गाड्या फाट्यावर थांबतात, माझा बोर्ड वाचतात, मोबाइल काढतात आणि थेट गोरखकडे वळतात. फाटकावरच्या बोर्डाखाली उभं राहून एकानं माझ्या फोटोकडे बघून मलाच विचारलं, "हे उंबरमाळ कुठे आलं?" मी म्हटलं, हेच. त्यानं मोबाइलकडे बघितलं. म्हणाला, नाही, फोटोत तंबू आहेत.

राजेश्वरी म्हणाली, "अवो, त्ये बोर्ड तरी काडा. आपल्याच खर्चानं त्येचं गिऱ्हाईक पाटवताय." अडाणीपणा. बोर्ड काढला की ताबा गेला. बारा वर्षं उघडपणे, अखंड, विनाहरकत बोर्ड टिकला तर वहिवाटीनं नाव आपलं होतं. बारा वर्षं म्हणजे काही फार नाही.

२१ जून

वाऱ्यानं खंडाळ्याचा बोर्ड पडला. नवीन करायला टाकला. दुप्पट मोठा.

२९ जून

राजेश्वरीशी बोलणं बंद आहे. तिनं शेजारणीजवळ म्हटलं की या माणसानं बसल्या जागी धंदा घालवला. घालवला नाही. वादात आहे. घालवणं आणि वादात असणं यात फरक आहे.

दुपारी गोरखकडचे काही पाहुणे कुंपणाशी येऊन तिला विचारत होते, मावशी, गेल्या वर्षीचं ते पिठलं, ती कोंबडी, तांदळाची भाकरी, कुठे मिळेल? नूडल्स खाऊन हैराण झालेत. मी त्यांना हाकललं. शत्रूच्या गोटातली माणसं.

५ जुलै

राजेश्वरी गोरखकडे गेली.

नीट लिहितो. घर सोडून नाही. सकाळी तवा, परात, मसाल्याचा डबा आणि पाटा घेऊन बांध ओलांडून गेली. गोरखनं मोठी शेड घालून दिली आहे. निम्मा वाटा. गोरखची बायको बबिता परात धरायला आली होती. मी फाटकात आडवा उभा राहिलो. म्हटलं, भावकीत नाक कापतेस, उंबरमाळचं नाव मातीत घालतेस! ती थांबली. डोळ्यांत पाणी होतं, आवाजात नव्हतं. म्हणाली, "नाव तुमचं ऱ्हाऊ द्या. चूल माजी हाय. पोरांच्या कालेजाची फी नावानं न्हाई भरत कुनी."

मी योग्य उत्तर दिलं असतं, पण तोवर ती पलीकडे पोचली होती.

६ जुलै

स्वतः स्वयंपाक. वरण. करपलं.

१० जुलै

गोरखकडे गाड्या लावायला जागा नाही. आमच्या अंगणात लावू का, म्हणून विचारायला आला. नाही म्हणालो. तरी दोन लागल्या. दुपारभर एकाच्या टायरची हवा सोडायचा विचार केला. सोडली नाही. माझ्यात आणि त्याच्यात हाच फरक.

घरात बिस्किटं संपली.

१३ जुलै, दुपार

ठरवलं: तत्त्व वेगळं, पोट वेगळं. आणि बायको माझी आहे, जेवण माझंच आहे. ताठ मानेनं बांध ओलांडला, शेडमध्ये जाऊन बाकावर बसलो. बाकीचे बाक भरलेले. पिठल्याचा वास. राजेश्वरी घामानं निथळत होती, पण कधी नव्हे ती मजेत दिसली. मला पाहिलं, पदरानं कपाळ पुसलं. मला वाटलं, आता ताट येईल.

म्हणाली, "आज लय गर्दी हाय. बुकिंगबिगर ताट लावायचं न्हाई, आसं ठरलंय. कुनालाच न्हाई." बबितानं मान खाली घालून हसू दाबलं.

बाहेर आलो. माझ्या मोबाइलला माळावर एका ठिकाणीच रेंज येते, फाटकावरच्या माझ्या बोर्डाखाली. तिथून शेड समोरच दिसते. मोबाइलवर टाकलं: उंबरमाळ डॉट कॉम. हाताने पहिल्यांदाच टाकलं. चटकन उघडलं. नाव विचारलं, लिहिलं: अमृत. किती जण? एक. शाकाहारी. बटण दाबलं.

'धन्यवाद! आपली विनंती मिळाली. उंबरमाळचे मालक लवकरच आपल्याला कळवतील.'

मालक शेडमध्ये बसून माझ्या बायकोच्या हातची भाकरी मोडत होता. मोबाइल वाजला तसा त्यानं डाव्या हातानं उचलून बघितला, आणि उलटा ठेवून दिला. मी बोर्डाखाली थांबलो आहे.