खुणेच्या वर

२१ फेब्रुवारी, सोमवार
पुढच्या गुरुवारी, ३ मार्चला, वाचक मंडळाची ‘आवडतं पुस्तक’ संध्याकाळ. प्रत्येकाने आपलं पुस्तक आणायचं, उभं राहून त्याची बाजू मांडायची, शेवटी हात वर करून निकाल. गेली काही वर्षं माझंच पुस्तक जिंकतं. शेजारचा क्लॅरी, मंडळातला माझा कायमचा विरोधक, म्हणतो, मंडळातल्या निम्म्या बायका तुमच्या विद्यार्थिनी आहेत, बाई, त्या अजून घाबरतात. हे खोटं आहे. त्यांची अभिरुची मी घडवली, एवढंच.
संकल्प: क्लॅरीशी इंग्रजी व्याकरणावरून वाद घालायचा नाही. तो इथल्या वर्तमानपत्रात उपसंपादक होता, त्यामुळे जे छापलं ते शुद्ध, अशी त्याची समजूत आहे.
पाऊस.

२३ फेब्रुवारी, बुधवार
वाद घातला. सुरुवात त्याने केली. कुंपणापलीकडून म्हणाला, पूर अडवायला यंदा वाळूच्या पिशव्या ‘लेस’ मिळाल्या. मी म्हटलं, ज्या वस्तू मोजता येतात त्यांना ‘फ्यूअर’. तो म्हणाला, तुम्हाला मोजायला वेळ आहे बाई, मला भरायच्या आहेत.
त्याचं घर सखल आहे. माझं उंच खांबांवर. वडिलांनी घराखालच्या खांबावर महापुराची खाच कोरून ठेवली आहे आणि घराची जमीन त्या खाचेच्या चांगली हातभर वर आहे. सगळं गाव तोच पूर धरून मोजतं. पाऊस लागला की इथे कोणी ‘कसे आहात’ विचारत नाही, ‘सामान खुणेच्या वर गेलं का’ असं विचारतात. माझं नेहमीच वर असतं.
खांबावर मुंग्यांची रांग. खाच ओलांडून वर चालल्या आहेत. मुंग्यांना इतिहास माहीत नसतो.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार
फोनवर सरकारी इशारा. नदीचं पाणी जुन्या खुणेपर्यंत चढू शकतं. मी क्लॅरीला दाखवून दिलं की मूळ वाक्यात ‘मे’ आहे, ‘विल’ नाही. म्हणजे केवळ शक्यता. तो म्हणाला, बाई, नदी तुमच्या वर्गात कधी बसली नाही.
त्याची मुलगी जिलियन उद्या त्याला डोंगरावर तूवूम्बाला, तिच्या घरी न्यायला येते आहे. त्याचा गुडघा कामातून गेला आहे, काठीशिवाय चालता येत नाही. त्याने स्वतःहून विचारलं, जाऊ म्हणता? आणि तोच पुढे म्हणाला, मला वाटतं, जावं.
मी विचार करून उत्तर दिलं. गुरुवारी विरोधक नसेल तर चर्चेला अर्थ काय? शिवाय माझं घर खुणेच्या वर आहे. पुस्तकं घेऊन इकडे या म्हटलं. मंडळाच्या हितासाठीच.

२६ फेब्रुवारी, शनिवार
जिलियन फाटकाशी गाडी चालूच ठेवून उभी राहिली. बाबा, पिशवी घ्या, पूल बंद व्हायच्या आत निघायचंय. मी तिला खाली नेऊन खाच दाखवली. ती म्हणाली, आणि ह्या वेळी ह्याच्या वर आलं तर? मी म्हटलं, गेल्या शंभर वर्षांत आलेलं नाही. ती म्हणाली, मी गेल्या शंभर वर्षांबद्दल विचारलं नाही.
उद्धट मुलगी. माझी विद्यार्थिनी नव्हती, हे लगेच कळतं.
क्लॅरी फाटकाला धरून उभा होता. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, सोमवारपर्यंत बघू गं. ती मला न सांगता निघून गेली. गाडीत डोळे पुसत होती, पण काच ओली असल्याने नक्की सांगता येत नाही.
दुपारभर त्याच्या रहस्यकथा माझ्या वरच्या फळीवर लावल्या. तो त्या प्रेतांच्या संख्येप्रमाणे लावतो. मी लेखकांच्या आडनावाप्रमाणे लावल्या. तो चहा करायला गेला, तेव्हा मी लावत होते. मी चहा प्यायले, तेव्हा त्याने परत बदलल्या.
संकल्प: जिलियनला फोन करून समजूत काढायची. उद्या.

२७ फेब्रुवारी, रविवार
पूल बंद. जिलियनला फोन लागला नाही. फार प्रयत्न केला असंही नाही.
शाळेच्या मैदानावर गाई. कोणाच्या आहेत कोणास ठाऊक, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या आहेत. रस्त्यावरच्या गटारातून पाणी उलटं वर येतं आहे. त्याला आवाज नाही. बेडूकही ओरडायचे थांबले. शांतता चांगली, वाचनाला बरी.
मर्लीन रोच गाडीच्या मागे तिची मासेमारीची होडी बांधून घरोघर फिरते आहे. तळलेल्या माशांचं दुकान तिचं. मी तिला व्याकरणात दोनदा नापास केलं होतं. म्हणाली, बाई, चला, टेकडीवरच्या हॉलमध्ये सोडते, ही शेवटची फेरी. मी म्हटलं, आम्ही खुणेच्या वर आहोत. ती म्हणाली, खालच्या गल्लीतले पण हेच म्हणत होते. मग क्लॅरीला विचारलं, तुम्ही तरी? तो म्हणाला, बाई असतील तिथे.
म्हणजे त्याला माझा मुद्दा पटला.
संध्याकाळी पाणी खाचेला टेकलं. इथेच थांबणार, नियमाप्रमाणे. आम्ही बिस्किटं खाल्ली आणि ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यावा का, यावर भांडलो. तो म्हणाला, स्वल्पविराम म्हणजे दम खायची जागा, आणि तुम्ही कधी दम खाऊ देता का? पत्र्यावर पावसाचा आवाज इतका होता की ऐकू येण्यासाठी जवळ बसावं लागलं. इतकी चांगली संध्याकाळ बऱ्याच दिवसांत गेली नव्हती.

२८ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ
खाच दिसत नाही. चिखलाने झाकली असेल.

त्याच दिवशी, जरा वेळाने
सतरंजी आपोआप वर उचलली जाते आहे. तिच्याखाली काहीतरी श्वास घेतंय असं वाटतं. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं वरच्या फळीवर हलवली. क्लॅरी म्हणाला, बाई, पुस्तकं राहू द्या, शिडी कुठे आहे? मी म्हटलं, आधी शब्दकोश.
शिडी त्यानेच शोधली.

सोमवार, दुपार असावी
छताखालच्या पोकळीत बसून पेन्सिलीने लिहिते आहे. अक्षर वाईट येत आहे.
कपाट आडवं झालं तेव्हा क्लॅरीचा पाय त्याखाली सापडला. कपाटाला काच होती. मी त्याला ओढून वर घेतलं, किंवा त्याने मला. माझी निळी कादंबरी, जी गुरुवारी जिंकणार होती, उघडी होऊन खोलीभर फिरली आणि मग बुडाली. त्याच्या रहस्यकथा जास्त वेळ तरंगल्या. स्वस्त कागद.
पाणी पोकळीच्या तोंडाशी आहे. मी दर थोड्या वेळाने बघते. बघणं बंद करायचं ठरवलं आहे.
क्लॅरी बोलत नाही. पायाला माझा परकर बांधला आहे, तो आता लाल आहे. त्याला जागं ठेवावं म्हणून मी मुद्दाम म्हटलं, वाळूच्या पिशव्या ‘लेस’ होत्या, तुमचंच बरोबर. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. दुरुस्त केलं नाही, जिंकल्याचा आनंदही केला नाही. मला हे अजिबात आवडलं नाही.
वर कोणीतरी पत्रा ठोकतंय.

१ मार्च, मंगळवार
टेकडीवरचा हॉल. मर्लीनने पत्रा उचकटून आम्हाला काढलं. तिला आधी हाक मीच मारली, मागच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात. होडीत ती एकच वाक्य बोलली, बाई, खाली वाका, विजेच्या तारा आहेत. मी वाकले.
क्लॅरीला हेलिकॉप्टरने इस्पितळात नेलं. जखमेत घाण पाणी गेलं आहे. मी सोबत निघाले तर जागा नाही म्हणाले.
तिथे नीट काळजी घेतील. काही दिवसांत परत येईल.

३ मार्च, गुरुवार, संध्याकाळ
आज आवडत्या पुस्तकाची संध्याकाळ. मंडळातले चौघे हॉलमध्ये आहेत. पुस्तक कोणाकडेच नाही. बैठक तहकूब केली.
इस्पितळात फोन लावला. नर्सने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? म्हटलं, शेजारीण. ती म्हणाली, माफ करा, फक्त घरच्यांनाच सांगता येतं.
थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा लावला. बहीण म्हणून सांगितलं. नर्स म्हणाली, मगाशी शेजारीण होतात. माझा आवाज लपण्यातला नाही.
मग तीच जरा मऊ झाली. म्हणाली, मुलगी जवळ बसली आहे त्यांच्या. तुमचा निरोप असेल तर लिहून घेते, शुद्धीवर आले की वाचून दाखवीन. तो शुद्धीवर नाही, हे तिने सांगायला नको होतं. तिच्याही ते लक्षात आलं, कारण लगेच म्हणाली, हे मी सांगितलं म्हणू नका.
मी म्हटलं, लिहा. त्या वादात तुमचं बरोबर होतं.
तिने विचारलं, कोणत्या वादात? नुसतं एवढ्याने त्यांना कळेल का?
जिलियन फाटकाशी उभी होती त्या शनिवारपासून मी वाद मागे मोजत गेले. बरीच वर्षं मागे गेले. मग म्हटलं, सगळ्याच.
ती म्हणाली, बाई, पलंगाला लावायची चिठ्ठी एवढीशी असते हो. एक ओळ बसेल.
म्हटलं, मग शेजारणीचा फोन आला होता, एवढंच लिहा.