तिसरा खांब

५ मे, म्हसवड
सुखरूप पोचलो. खोली स्वच्छ, चहा बरा. काम सोपं आहे. पाण्याचे टँकर कुठे आहेत ते दर मिनिटाला पडद्यावर दिसलं पाहिजे. त्यासाठी तीन खांब, प्रत्येकावर एक बेस स्टेशन. टँकरचा संदेश कोणत्या खांबाला किती उशिरा पोचतो त्यावरून अंतर, अंतरांवरून जागा. इथल्यांना हे समजावण्यात अर्थ नाही. टँकर दारात आला की त्यांना कळतं. तेवढं त्यांना पुरतं.

७ मे
दोन खांब डोंगराच्या कण्यावर उभे राहिले. तिसरा बाजूला हवा, भामाबाईच्या माळावर. ही मेंढपाळ म्हातारी. आधी येऊन बसा, चहा घ्या, मग विचारा, म्हणाली. मी बसलो नाही. तिसराही कण्यावर रोवला, त्याच रेषेत. खांब एका रेषेत असले की टँकर रेषेच्या या अंगाला की त्या, हे कळत नाही. मला ठाऊक आहे. संगणक घेईल ठरवून.

म्हातारी बघायला आली. मेंढरांच्या वाघरीच्या मेखासुद्धा आमी एका वळीत मारत न्हाई सायेब, म्हणाली, आत कोन न् भायर कोन कसं कळायचं? जाळी ठोकण्याचं शास्त्र तिने मला शिकवलं.

१० मे
पडद्यावर सिद्धूचा टँकर पावणेबाराला खाणीत. कण्याच्या दक्षिणेला ही जुनी दगडखाण, पाण्याने भरलेली. सिद्धू म्हणतो, तेव्हा तो उत्तरेच्या रस्त्यावर होता. असेलही. रस्ता आणि खाण कण्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. चूक माझ्या रेषेची. पण ड्रायव्हरपुढे चूक कबूल करायला मी इथे आलेलो नाही. पडदा खोटं बोलत नाही, असं सगळ्यांदेखत सुनावलं. मग मी खाणीतच हाय म्हना की, सिद्धू म्हणाला. बाकीचे हसले.

११ मे
टँकर खाणीत सापडला. सिद्धू आत होता, स्टिअरिंगवर हात. काठावर चाकांचा एकही वण नाही. लोक माझ्याकडे बघतात. बघू देत.

१३ मे
भामाबाई आली. काल दुपारी तुमची जीप खाणीत हुती, म्हणाली, पाण्याखाली. तुमी आत बसलेलं. लय हाका मारल्या, तुमी वर बघितलं न्हाई.
काल दुपारी मी उत्तरेच्या रस्त्यावर होतो. चाचणीसाठी टँकरसारखंच यंत्र जीपवरही आहे. नोंद काढून पाहिली. जीपचा ठिपका —

१४ मे
माळावर गेलो. बसलो. चहा घेतला. विचारलं. भामाबाई हो म्हणाल्या. तिसरा खांब तिथे हलवला. आता रेषा नाही. आता जागा एकच येईल. खरी.

१५ मे, दुपार
उत्तरेच्या रस्त्यावर. जीप बंद. तपासणी.
ठिपका एकच. खाण. चूक एका मीटरच्या आत.
काचेबाहेर रस्ता आहे. रस्ता दिसतोय. दार उघडत नाही —
हाका. भामाबाईंच्या. वरून, काठावरून — इथे काठ नाही —
वर बघायचं. नुसती मान वर —